सत्तेचाळीस जणांना प्रूफ

"आपली संदर्भसूची आमच्या नियतकालिकाच्या पद्धतीनुसार नाही, सबब लेख परत करण्यात येत आहे."

हे उत्तर सायलीला तिसऱ्यांदा आलं, तेव्हा तिच्यापेक्षा तिच्या सासऱ्यांचा अपमान जास्त झाला. खरं तर रंगनाथ मौले यांचा दंतशास्त्राशी संबंध खालच्या कवळीपुरता. पण कुणी मजकूर परत पाठवला की तो आपल्यालाच परत पाठवला असं समजायची त्यांना चौतीस वर्षांची सवय होती.

सायली दातांची डॉक्टर. दिवसा कॉलेजात शिकवायची, संध्याकाळी म्हसरूळच्या घराखालच्या दवाखान्यात दाढा काढायची. उरलेल्या वेळात, म्हणजे जो कुणाकडेच उरत नाही त्यात, तिनं सुरगाण्याच्या पाड्यांवर हिंडून मिश्री लावणाऱ्या दोनशे बारा बायकांची तोंडं तपासली होती. त्यावर लेख लिहिला. दंतवैद्यकाच्या एका नियतकालिकाचा तंबाखूवरचा विशेषांक निघणार होता, तिकडे तो पाठवला. लेख चांगला की वाईट हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो कुणी वाचलाच नव्हता. तीनदा परत आला तो शेवटच्या दोन पानांवरून. आपण जे म्हणतो ते आपल्याआधी कोणकोण म्हणून बसलंय, त्यांची यादी लेखाच्या शेवटी द्यावी लागते. अशी सत्तेचाळीस कलमं होती, आणि प्रत्येकात कुठं ना कुठं एक टिंब जास्त किंवा एक कमी.

विशेषांकाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. एप्रिलात कॉलेजात रीडरच्या जागेची मुलाखत, आणि मुलाखतीला लेख स्वीकारल्याचं पत्र हवंच. दोन वर्षांपूर्वी याच एका कागदावाचून ती जागा सायलीच्या हातून गेली होती. ज्यांना मिळाली त्या गृहस्थांचे एक्सरे ती अजूनही वाचून देत होती.

"काही लोक असतातच असे," रंगनाथ म्हणाले. "पत्रिकेतलं लग्न कुणाचं ते नंतर बघतात, आधी कागद चिमटीत धरून जाडी बघतात. दे ती यादी इकडं."

"आप्पा, हे तुमचं काम नाही."

"टिंब माझं काम नाही?"

रविवार कारंज्याजवळ त्यांचं 'सुमुहूर्त मुद्रणालय' होतं. छपाई फक्त लग्नपत्रिकांची. खिळ्यांपासून सुरुवात करून ते संगणकापर्यंत आले, पण संगणकाच्या पुढं मोबाइल होता. लोक नवरानवरी नाचतानाची चित्रफीत पाठवून आमंत्रण द्यायला लागले आणि पाच वर्षांपूर्वी प्रेस बंद झाला. तेव्हापासून घरात रंगनाथांकडे तीन खाती होती: दूध, भाजी आणि टाकी भरली की मोटर बंद करणं.

"दे बाई त्यांना ती यादी," सिंधुबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. चाळीस वर्षं संसार केल्यानं नवऱ्याबद्दल त्यांना भ्रम नव्हते. "नाहीतर माझ्या मसाल्याच्या डब्यांना नंबर घालत बसतील."

सायलीपुढं दुसरा मार्गही नव्हता. सोमवारी सकाळी ती तीन दिवसांच्या शिबिरासाठी सुरगाण्याला निघणार होती. नियमांची अकरा पानं तिनं छापून दिली. सत्तेचाळीस मूळ लेख तिच्या मेलमध्ये होते, म्हणून लॅपटॉप उघडाच ठेवला.

"फक्त टिंबं आणि स्वल्पविराम बघा हं, आप्पा. दुसरं काही करू नका."

"दुसरं मी काय करणार?"

या प्रश्नाचं उत्तर बुधवारी मिळालं.

सोमवारी मात्र सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. रंगनाथांनी लाल बॉलपेन घेऊन ती अकरा पानं पोथीसारखी वाचली आणि दुपारपर्यंत त्या नियमांच्या प्रेमात पडले.

"अगं, हे लोक आपल्यातलेच आहेत," त्यांनी बायकोला सांगितलं. "आधी नावं. मग कार्य काय आहे ते. मग स्थळ. मग मुहूर्त, म्हणजे साल, खंड, पान. स्थळ आखडून लिहायचं, आपण चि. सौ. कां. लिहितो तसं. एवढं सोपं आहे, आणि डॉक्टर लोकांना जमत नाही!"

संध्याकाळपर्यंत एकोणतीस कलमं सुधारून झाली. अठराव्या क्रमांकाची पानं उलटी पडली होती, म्हणजे लेख सुरू व्हायच्या आधीच संपत होता. सव्विसाव्या क्रमांकाच्या चिनी गृहस्थाचं नाव आडनावाच्या पाटावर जाऊन बसलं होतं. त्यांनी त्याला उठवून जागेवर नेलं. असा आनंद त्यांना पाच वर्षांत झाला नव्हता. सगळं शांतपणे पार पडलं असतं, पण मधे नियम चौदा आला. एका लेखाचे लेखक सहापेक्षा जास्त असतील, तर पहिली सहा नावं द्यावीत आणि पुढं 'व इतर' लिहून मोकळं व्हावं.

"मोकळं व्हावं?" रंगनाथ खुर्चीतून उठले. सातव्या क्रमांकावर अकरा लेखक होते. म्हणजे पाच माणसं मांडवाबाहेर. "सातव्यानं कुणाचं घोडं मारलंय?"

यामागं दुःख होतं. देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्याकडच्या लग्नात रंगनाथांच्या प्रेसकडून नवऱ्या मुलाच्या आत्याच्या यजमानांचं नाव राहून गेलं होतं. ते गृहस्थ लग्नाला आले, मांडवाच्या मधोमध खुर्ची टाकली आणि अक्षता पडेपर्यंत सगळ्यांकडे पाठ करून बसले. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत ती पाठ आहे. त्या दिवसापासून रंगनाथांनी नेम केला. घरातल्या ज्येष्ठ माणसानं प्रूफ वाचून सही केल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही. पुढच्या बावीस वर्षांत एकही पाठ दिसली नाही.

सहा वाजता शेजारचे गोटीराम चहाला आले. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस अजूनही चहा पिण्याआधी कपाकडे तो मंजुरीला आल्यासारखं बघायचा. त्यांनी नियम चौदा दोनदा वाचला.

"रंगनाथराव, नियम तो नियम. त्याला आपण हात लावू शकत नाही. पण बाधित व्यक्तीला सुनावणीची संधी दिल्याशिवाय नाव कमी करता येत नाही. आमच्याकडं सातबाऱ्यावरून नाव काढायचं तरी नोटीस लागते."

"म्हणजे प्रूफ पाठवायचं."

"तुम्ही प्रूफ म्हणा, मी नोटीस म्हणतो."

पत्त्यांची अडचण येईल असं वाटलं होतं, तीही आली नाही. प्रत्येक लेखाच्या पहिल्या पानावर खाली एका लेखकाचा ईमेल छापलेला होता. "बघा," रंगनाथ भारावून म्हणाले, "घरातल्या ज्येष्ठाचा पत्ता त्यांनीच देऊन ठेवलाय."

मंगळवारी दोघांनी मिळून पत्र तयार केलं. पत्र इंग्रजीत होतं. त्यातली नम्रता रंगनाथांची, कलमं गोटीरामांची. मराठीत त्याचा आशय असा: 'सविनय निवेदन की, आमच्याकडील नियोजित कार्यात आपले नाव अनुक्रमांक अमुकवर योजले आहे. आपल्या नावाशिवाय या कार्यास शोभा नाही. तरी नाव, क्रम व मान तपासून संमती कळवावी. सातव्या क्रमांकापासूनची मंडळी जागेअभावी वगळली आहेत, राग नसावा. दोन दिवसांत उत्तर न आल्यास आपली काहीएक हरकत नाही असे समजण्यात येईल.' वर जावक क्रमांक, एक ते सत्तेचाळीस. त्याची वहीत रीतसर नोंद. खाली सायलीचं नाव, पदवी, आणि नावाआधी 'करिता'. गोटीरामांच्या अनुभवानुसार 'करिता' लिहिलं की कुणीच जबाबदार राहत नाही.

सत्तेचाळीस मेल गेल्या. रंगनाथांनी समाधानानं मोटर बंद केली. टाकी तासभर वाहत होती.

सुरगाण्याच्या पाड्यांवर मोबाइलला रेंज म्हणजे नशिबाचा भाग. बुधवारी परतताना सायलीची जीप दुपारी वणीला आली आणि तिच्या पर्समधला मोबाइल जो थरथरायला लागला तो थांबेचना. शेजारच्या बाईनं विचारलं, "घरी काई झालं का?" सायलीनं वाचायला सुरुवात केली आणि तिथूनच घरी फोन लावला.

"आप्पा."

"बोल. जेवलीस का?"

"ब्राझीलच्या एक प्राध्यापक बाई विचारताहेत, लग्न कुणाचं आहे."

"सही केली का त्यांनी?"

सायलीनं फोन कापला.

घरी आली ती चपला न काढता लॅपटॉपपुढं बसली. तेहतीस उत्तरं होती. ब्राझीलच्या बाईंनी यायला जमत नसल्याबद्दल दिलगिरी आणि वधूवरांना आशीर्वाद पाठवले होते. डेन्मार्कच्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं लिहिलं होतं की नावं बरोबर आहेत, इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, फक्त त्यातले तिसरे लेखक मागच्या वर्षी गेले.

"मग कै. लावतो," रंगनाथ म्हणाले.

"लावायचं नाही!"

नवव्या क्रमांकाच्या दोन लेखकांचं मधल्या काळात फाटलं होतं. त्यातल्या एकानं कळवलं होतं की आपलं नाव त्या माणसाला लागून छापू नये. रंगनाथांच्या मते हे अगदी रोजचं दुखणं होतं. एकाला ओळीच्या शेवटी ठेवायचं, दुसऱ्याला पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे खांद्याला खांदा लागत नाही. तिघांनी आपल्या वकिलाशी बोलून कळवतो असं लिहिलं होतं. आणि तेविसाव्या क्रमांकाचे मोठे सर. देशात तंबाखू आणि दात हा विषय त्यांनी सुरू केला, असं सगळे म्हणायचे. सगळ्यांत आधी ते स्वतः. त्यांनी एकच ओळ लिहिली होती: 'मी तेविसावा?'

"आप्पा, या लोकांपुढं मी आता कोणत्या तोंडानं जाऊ? उद्या परिषदेत भेटतील. म्हणतील, ही ती नोटीसवाली."

"चौतीस वर्षांत मी एकही पत्रिका प्रूफ न दाखवता..."

"ही पत्रिका नाहीये!"

रंगनाथ उठले. लाल पेनाला टोपण लावलं, ते खिशात अडकवलं आणि गच्चीवर जाऊन टाकीकडे बघत उभे राहिले. सिंधुबाई चहा घेऊन वर गेल्या. समजूत काढायला असेल असं कुणालाही वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "रुसला असाल तर निदान त्या देवळ्याच्या पाहुण्यासारखे पाठ करून बसा. उभं राहून रुसवा दिसत नाही."

दहा मिनिटांनी सायलीची हाक आली. "आप्पा, खाली या जरा."

आवाज वेगळा होता. एकतिसाव्या क्रमांकाच्या लेखकाचं उत्तर तिच्यापुढं उघडं होतं. 'आपण विचारलंत हे बरं केलंत. आकडेमोडीत चूक निघाल्यामुळे तो लेख मी दोन वर्षांपूर्वीच मागे घेतला आहे. कृपया यादीत नको.'

सायलीच्या लेखातलं तिसरं पान त्या एका लेखावर उभं होतं. मिश्री सुटल्यावर हिरड्या किती दिवसांत सुधारतात, याचा सगळा हिशेब त्यानंच दिला होता. यादी टिंबासकट बिनचूक गेली असती, तर लेख वाचणाऱ्या पहिल्याच जाणकारानं हे पकडलं असतं. मग विशेषांक नाही, पत्र नाही, आणि मागे घेतलेल्या लेखाच्या जोरावर बोलणारी बाई म्हणून नाव झालं असतं ते वेगळंच.

रंगनाथांनी मेल दोनदा वाचली. आता ते छाती फुगवणार असं समजून सायलीनं मनाची तयारी केली होती. पण ते इतकंच म्हणाले, "मोडलेलं लग्न आहे हे. पत्रिकेत कसं घालणार?" आणि पेनाचं टोपण काढलं.

गुरुवारी तिनं कॉलेजातून सुट्टी काढली. उसना हिशेब काढून टाकला आणि तिसरं पान स्वतःच्या दोनशे बारा बायकांवर उभं केलं. त्यातल्या भागीबाईसारख्या काहीजणींनी मिश्री सोडलीही होती. त्यांच्या हिरड्यांची नोंद तिच्याकडे होती, फक्त मोठ्या लोकांच्या आकड्यांपुढं ती मांडायचा तिला संकोच वाटत होता. इकडं एकतीस गेल्यामुळं बत्तिसाचे एकतीस झाले, तेहतिसाचे बत्तीस, आणि लेखात जिथं जिथं हे आकडे होते ती त्रेसष्ट ठिकाणं बदलायची होती. गोटीराम हजेरी घेतल्यासारखे आकडे पुकारत होते, रंगनाथ खुणा करत होते. मधे वहीत दोन अडतीस निघाले. गोटीरामांनी चौकशी लावली. पहिल्या अडतिसाच्या वेळी ते भजी खात होते असं निष्पन्न झालं.

त्यातच मोठ्या सरांचा फोन आला. उचलला रंगनाथांनी.

"सर, मनावर घेऊ नका. पंगतीत पाहुणे आधी बसतात. घरचा कर्ता मागाहून."

पलीकडे विचार झाला. "मग मला अगदी शेवटी का नाही बसवलं?"

सायलीनं फोन हिसकावून घेतला. सरांची आणखी एक सूचना होती. त्यांचे इतर तीन लेख यादीत घेतले, तर तेविसाव्या क्रमांकाबद्दल ते मन मोठं करायला तयार होते. तिनं ते तीन लेख उघडून पाहिले. मिश्रीचं नाव एकातही नव्हतं.

"घालू की," रंगनाथ म्हणाले. "तीन नावांनी काय कागद फाटतो? सर नाराज राहण्यापेक्षा बरं."

"आप्पा, लग्नात नाव घातलं की मान होतो. इथं नाव घातलं की साक्ष होते. यांनी काही पाहिलेलंच नाही, तर साक्ष कशाची काढू?"

रंगनाथांनी क्षणभर तोंड वाकडं केलं, कारण मुद्दा पटला की त्यांचं तोंड तसंच व्हायचं. "आमच्याकडंही असे चुलते असतात," ते म्हणाले. "साखरपुड्याला पत्ता नसतो, पत्रिकेत मात्र सहकुटुंब."

शुक्रवारी दुपारी तीनला लेख चढवायला सुरुवात झाली. यादीपाशी सगळ्यांनी श्वास रोखला. संगणकानं ती एका घासात गिळली, कुरकूर नाही. सिंधुबाईंनी हात जोडले. मग शेवटचं पान उघडलं. 'या विषयातील तीन जाणकार सुचवा, ज्यांच्याशी या लेखासंबंधी लेखकाचा कोणताही पत्रव्यवहार झालेला नाही. खूण करा, अन्यथा खाली शेरा लिहा; त्याशिवाय पुढे जाता येणार नाही.'



"मिश्रीवर काम करणारी माणसं जगात किती असतील?" रंगनाथांनी हळूच विचारलं.

"पन्नासेक."

"आणि आपण लिहिलं..."

"सत्तेचाळीस," गोटीराम अभिमानानं म्हणाले. "जावकला नोंद आहे."

"उरलेल्या तिघांतले एक वारले," सायली म्हणाली. "एक निवृत्त होऊन द्राक्षं लावतात. तिसरी मी."

"भागीबाईचं नाव घाला. मिश्री तिच्याइतकी कुणाला कळते?" सिंधुबाई म्हणाल्या. सगळ्यांत शहाणी सूचना तीच होती, पण भागीबाईला ईमेल नव्हता.

"करा हो खूण," गोटीराम म्हणाले. "कोण तपासतंय? आमच्या हयातीत एकही खूण तपासलेली मी पाहिली नाही. कुणाची तीन नावं टाका आणि द्या पुढं ढकलून."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सायलीचं बोट त्या चौकोनावर होतं. खूण केली की लेख आत. पुढं सत्तेचाळिसांतल्या एकानं जरी 'मला या लेखाबद्दल नोटीस आली होती' असं सांगितलं, तर संपलं. आणि नाही सांगितलं, तरी खोटं ते खोटंच. तिनं बोट काढलं.

"खरं काय ते लिहिते. शेऱ्याचा रकाना आहे खाली. परत पाठवला तर पाठवला."

लिहायला घेतलं खरं, पण पहिल्याच वाक्याला ती अडली. सासऱ्यांनी असं असं केलं, हे परक्या माणसाला कसं लिहायचं? तिनं 'घरातील एका व्यक्तीकडून अनवधानाने' असं लिहिलं. रंगनाथ मागं उभं राहून वाचत होते.

"अनवधानानं नाही," ते म्हणाले. "पूर्ण अवधानानं केलंय. नाव लिही माझं. रंगनाथ मौले, लग्नपत्रिकांचे छपाईदार. आणि करिता-बिरिता काही नको."

"आप्पा, नाव कशाला?"

"ज्यानं प्रूफ पाठवलं त्याचं नाव नको? मग कसली छपाई?"

तिनं लिहिलं. कुणाला पाठवलं, का पाठवलं, काय उत्तरं आली, आणि त्यामुळं एकतिसावा क्रमांक कसा गळाला. खाली लिहिलं, 'त्यामुळे सुचवण्यासारखं नाव माझ्यापाशी उरलेलं नाही.' तीन नावांच्या रकान्यांत आडव्या रेघा मारल्या. चार चाळीसला लेख गेला. गोटीरामांनी वहीत अठ्ठेचाळिसावा जावक क्रमांक टाकला.

सोमवारी संपादकांचं उत्तर आलं, दोनच ओळींचं. 'खुलासा मिळाला. जाणकार आम्ही शोधू, कृपया आपल्या सासऱ्यांनी त्यांना शोधू नये.'

त्यानंतर दोन महिने घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. रंगनाथ दूध आणत, मोटर वेळेवर बंद करत. सायली कॉलेजातून आली की ते तिच्या चेहऱ्याकडे बघत आणि न विचारता भाजी निवडायला घेत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती दवाखान्यातून जिना चढत वर आली, तीही तोंडावरचा मास्क न काढता.

"आप्पा, घेतला."

"काय घेतला?"

"लेख. स्वीकारला. दोन्ही जाणकारांनी तिसरं पान सगळ्यांत चांगलं म्हटलंय." तिनं छापलेलं पत्र त्यांच्या हातात दिलं. एप्रिलच्या मुलाखतीला हवा तो कागद, वर तारीख, खाली सही.

रंगनाथांनी आधी कागद चिमटीत धरून पाहिला, मग पत्र वरून खालपर्यंत वाचलं. मग सहीच्या खालची बारीक अक्षरं वाचली आणि चष्मा वर करून पुन्हा वाचली. चालू महिन्यापासून नियतकालिकानं संदर्भांची पद्धत बदलली होती. क्रमांक रद्द. यापुढं यादी आडनावांच्या वर्णक्रमानं. सात दिवसांत सुधारून पाठवावी.

"म्हणजे सगळ्यांच्या जागा बदलल्या," ते म्हणाले. त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडं गेला होता आणि चेहऱ्यावर पाच वर्षांपूर्वीचं तेज आलं होतं. "वरचा खाली, खालचा वर. आता एकेकाला कळवायला..."

सायलीनं शेचाळीस कलमांची छापील यादी त्यांच्यापुढं ठेवली, लॅपटॉप मिटून काखेत मारला, भिंतीतून चार्जर उपसला आणि जिना उतरून दवाखान्यात गेली. आतून कडी लागल्याचा आवाज वरपर्यंत आला.